नर-मादीच्या निगेटिव्ह

बोरी नदीला चांगलं पाणी आलं की नळदुर्गच्या किल्ल्यात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा आहे, त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बंधारा भरून वाहू लागला की दोन सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, मीर इमादीन याने हे बांधकाम केल्याचं तिथला फारसी शिलालेख सांगतो. सोलापूरहून हे ठिकाण जेमतेम 45 किलोमीटर. त्यामुळे सोलापूर, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये नर-मादीपुढे उभं राहून काढलेला एखादा फोटो असतोच.

फोटोच्या दृष्टीने मात्र ही जागा फार कठीण. फेसाळणारं पांढरंशुभ्र पाणी, त्याला लागूनच ओला काळा बेसाल्ट, वर पावसाळी ढगांचं फिकट आकाश आणि या सगळ्यांच्या मध्ये माणसं. पाणीमहालाच्या आतून खिडकीकडे बघत काढलेला फोटो तर आणखी अवघड, कारण आत जवळजवळ अंधार आणि खिडकीपलीकडे पाण्याचा लखलखता पडदा. तरीही जुन्या फिल्मने हे बऱ्यापैकी पेललेलं असतं. निगेटिव्ह भिंगाखाली धरून पाहिली तर फेसातले पदरही दिसतात आणि दगडांचे सांधेही दिसतात. तीच निगेटिव्ह स्कॅन करून आणली की पाण्याच्या जागी पांढरा कागद आणि दगडाच्या जागी काळा डाग. लोक म्हणतात, फोटो जुना झाला, खराब झाला. बहुतेक वेळा तसं नसतं. जे निगेटिव्हमध्ये आहे ते स्कॅनरने उचललंच नाही, किंवा उचलून मधल्यामध्ये टाकून दिलं. हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार महागडं यंत्र लागत नाही.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. पण स्कॅनिंगच्या वेळी त्या उलटेपणाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. जिथून जास्त उजेड आला तिथे फिल्मवर जास्त चांदी साचते. म्हणजे धबधब्याचा फेस हा निगेटिव्हवरचा सर्वांत दाट भाग आणि काळा दगड हा जवळजवळ पारदर्शक भाग. स्टुडिओवाले ‘निगेटिव्ह दाट आहे’, ‘पातळ आहे’ असं म्हणायचे, तीच ही घनता. ती मोजतात तेव्हा घनता 0.3 ने वाढली की पलीकडे पोचणारा उजेड निम्मा होतो. घनता 1 असेल तर उजेडाचा दहावा भाग पलीकडे जातो, 2 असेल तर शंभरावा, 3 असेल तर हजारावा.

धबधब्याच्या एखाद्या साध्या कृष्णधवल निगेटिव्हचे आकडे धरून पाहू. फोटोबाहेरची रिकामी कडा 0.25, ओला दगड 0.35, उजेडातले चेहरे 0.9 आणि पाण्याचा फेस 1.3 ते 1.6. आता स्कॅनरचा उजेड असा बेतला की रिकाम्या कडेचा आकडा 60,000 यावा. 16 बिटच्या मोजपट्टीत सर्वांत वरचा आकडा 65,535 असतो, म्हणजे कडा अगदी वर पोचली, पण टोकाला टेकली नाही. मग दगड येतो साधारण 47,700 वर, चेहरे 13,400 वर आणि फेस 5,300 पासून 2,700 पर्यंत. निगेटिव्ह उलटवल्यावर जो फेस सर्वांत उजळ दिसणार आहे, तो स्कॅनरच्या लेखी सर्वांत अंधारा आहे. बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून होतो.

आता उजेड दोन स्टॉपने कमी घेतला, म्हणजे चौथाई केला, तर काय होईल? कडा 15,000 वर येईल आणि फेस 1,340 ते 670 या पट्ट्यात जाईल. एवढ्या खाली सेन्सरचा स्वतःचा गोंगाट मिसळलेला असतो. फोटो उलटवला की तो गोंगाट पाण्यात आणि आकाशात खरखरीत दाण्यांसारखा उमटतो, आणि आपण त्याला फिल्मचे दाणे समजतो. उलट उजेड एक स्टॉपने वाढवला तर कडेला 1,20,000 हवेत आणि दगडाला 95,000, पण आकडे तर 65,535 लाच संपतात. कडा आणि दगड दोन्ही त्याच एका आकड्यावर जाऊन बसतात. सेन्सरचा प्रत्येक ठिपका हा उजेड साठवणारा छोटा बंधारा आहे. तो काठोकाठ भरला की पुढचं सगळं सांडव्यावरून जातं, आणि किती गेलं ते साठ्याकडे पाहून कळत नाही. दगडांचे सांधे त्या सांडलेल्या उजेडात होते. म्हणून निगेटिव्ह स्कॅन करताना उजेड कमी पडला तर पांढरं पाणी बिघडतं आणि जास्त झाला तर काळा दगड मिटतो. कॅमेऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे नेमकं उलटं वाटतं.

यातून एक साधा नियम निघतो. उजेड फोटोवरून ठरवायचा नाही, फिल्मच्या रिकाम्या कडेवरून ठरवायचा. दोन फोटोंच्या मधली पट्टी किंवा रोलच्या शेवटचा, कॅमेऱ्यात कधीच उजेड न लागलेला तुकडा त्यासाठी चांगला. रोलच्या सुरुवातीचं टोक चालत नाही, ते रोल भरताना उजेड लागून पूर्ण काळं झालेलं असतं. ही कडा म्हणजे निगेटिव्हवरची सर्वांत पारदर्शक जागा, तिच्यापेक्षा उजळ काहीही असू शकत नाही. ती टोकाच्या किंचित खाली बसवली की त्या रोलवरचं काहीही वर उडून जाणार नाही, आणि फेसालाही मिळू शकेल तेवढा जास्तीत जास्त उजेड मिळेल.

एकदा ठरवलेला हा उजेड मग रोल संपेपर्यंत हलवायचा नाही. स्कॅनर आपल्या मनाने वागू लागला तर प्रत्येक फोटोसाठी वेगळा हिशोब करतो. त्याची समजूत अशी की कुठल्याही फोटोत उजेड-अंधार साधारण समसमान असतो. नर-मादीच्या फोटोत अर्धी चौकट पाण्याने भरलेली असते, तिथे ही समजूत चुकते आणि पाणी राखाडी होतं. त्याच रोलवरचा पाणीमहालातला फोटो आला की तोच स्कॅनर अंधार उजळवून खोलीचा धुरकट पडदा करून टाकतो. शेजारशेजारच्या दोन फोटोंत बंधाऱ्याची डावी आणि उजवी बाजू घेतलेली असेल आणि ते जोडून सलग दृश्य करायचं असेल, तर दोन्हींचा दगड जुळतच नाही.

जुन्या रोलच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री अनेक घरांत होता. त्यात 120 चा रोल बसायचा आणि 12 चौकोनी फोटो निघायचे. ऊन, ढग अशा मोजक्या खुणांपलीकडे उजेड कमी-जास्त करायची सोय त्यात नव्हती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल घालायचा आणि बटण दाबायचं. त्यामुळे एकाच रोलवर एक निगेटिव्ह दाट, एक पातळ, असं असायचं. प्रिंट काढणारा डार्करूममध्ये सेकंद कमी-जास्त करून सांभाळून घ्यायचा. रोलभर उजेड कायम ठेवून केलेल्या स्कॅनमध्ये हे सगळे फरक जसेच्या तसे उतरतात. सांभाळून घेण्याचं काम नंतर आपण करायचं, प्रत्येक फोटोकडे नीट बघून.

आता कच्च्या माहितीकडे वळू. तिला सगळेजण ‘रॉ’ म्हणतात. सेन्सरवर पडलेला उजेड आकड्यांत उतरला की त्या आकड्यांवर नेहमी बरंच काम होतं. मध्यम छटा उजळवल्या जातात, निगेटिव्ह उलटवली जाते, रंग जुळवले जातात, कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, कडा धारदार केल्या जातात आणि शेवटी सगळं 8 बिटच्या जेपेगमध्ये दाबून बसवलं जातं. रॉ म्हणजे यातलं काहीही करण्याआधीचे आकडे. अगदी काटेकोर बोलायचं तर स्कॅनर आपल्या सेन्सरच्या ठिपक्याठिपक्यांतला फरक आधीच वजा करतो, पण तेवढं मोजमापासाठी हवंच असतं. या आकड्यांत उजेड दुप्पट झाला की आकडाही दुप्पट होतो. कसलाही वळसा नसतो.

8 बिटमध्ये फक्त 256 पायऱ्या असतात. आपल्या धबधब्याचे हेच सरळ आकडे 8 बिटमध्ये ठेवले तर कडा येते 233 वर आणि फेसाचा अख्खा पट्टा 21 ते 10 मध्ये. म्हणजे कोसळणाऱ्या पाण्याचे सगळे पदर, तुषार, वळणं यांच्यासाठी अकरा पायऱ्या. 16 बिटमध्ये त्याच पट्ट्याला साडेसव्वीसशे पायऱ्या मिळतात. त्यातल्या काही गोंगाटात जातील, तरी उरतात त्या पुष्कळ. म्हणून फाइल कृष्णधवलसाठी 16 बिटची आणि रंगीतसाठी 48 बिटची, म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी 16, अशी टिफ किंवा डीएनजी हवी. जागा लागते. 35 मिलिमीटरची एक रंगीत निगेटिव्ह 3200 डीपीआयला साधारण 82 एमबी होते, 36 फोटोंचा रोल 3 जीबीच्या घरात जातो. आजच्या काळात हा खर्च काहीच नाही.

अशी फाइल पहिल्यांदा उघडणारा माणूस घाबरतो. ती गडद, मळकट आणि उलटी दिसते, रंगीत असेल तर वर नारिंगी. काहीतरी बिघडलंय असं वाटून बरेचजण ती पुसून टाकतात. ती तशीच दिसायला हवी. पडद्यावर चांगलं दिसण्यासाठी जे वळण द्यावं लागतं ते तिला अजून दिलेलं नाही, एवढंच.

नारिंगी रंगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. रंगीत निगेटिव्हमधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. निळसर-हिरवट द्रव्याने फक्त लाल उजेड अडवायचा असतो, पण ते थोडा हिरवा आणि निळाही अडवतं. किरमिजी द्रव्य निळ्यात लुडबूड करतं. कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी 1940 च्या दशकात यावर तोड काढली. फिल्ममध्येच असे रंगीत घटक घातले की ही लुडबूड सगळीकडे सारखी व्हावी आणि प्रिंटच्या वेळी एकदम वजा करता यावी. तोच हा नारिंगी मुखवटा. स्कॅनरला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, कारण रिकाम्या कडेवरसुद्धा निळा उजेड लाल उजेडाच्या सुमारे चौथा-पाचवा भागच पलीकडे पोचतो. लाल बेतशीर असताना निळा उपाशी राहतो आणि सगळा गोंगाट निळ्यात साठतो. निकॉनच्या कूलस्कॅनसारख्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवा, निळा असे स्वतंत्र एलईडी आहेत, त्यामुळे निळा जास्त वेळ पेटता ठेवून तिन्ही कडा सारख्या उंचीवर आणता येतात. शक्य असेल तिथे हे करावंच. रंग जुळवण्याचं अर्धं काम तिथेच होतं, आणि तेही आकडे ताणून नव्हे तर खऱ्या उजेडाने.

साधनं काय लागतात? एड हॅम्रिक यांचा व्ह्यूस्कॅन हा प्रोग्रॅम 1998 पासून आहे आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे स्कॅनरही चालवतो. त्यात रिकाम्या कडेवर झलक घेऊन ‘लॉक एक्स्पोजर’ करायचं, रंगीत असेल तर ‘लॉक फिल्म बेस कलर’ करायचं आणि रॉ फाइल मागायची. सिल्व्हरफास्टमध्ये ‘एचडीआर रॉ’ नावाचा पर्याय आहे. एप्सनच्या फ्लॅटबेडबरोबर आलेला प्रोग्रॅमच वापरायचा असेल तर निगेटिव्हला स्लाइड म्हणून स्कॅन करावं, 48 बिट निवडावं आणि ‘नो कलर करेक्शन’ करावं. स्लाइड म्हटलं की तो उलटवण्याच्या फंदात पडत नाही, आणि रॉच्या बरंच जवळ जाता येतं.

फ्लॅटबेडपेक्षा मला आता कॅमेऱ्याने केलेलं स्कॅनिंग जास्त पटतं, आणि लहान गावात तेच जास्त जमण्यासारखं आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येक स्टुडिओत चांगला कॅमेरा आहे, भर घालायची ती मॅक्रो लेन्स, उभा स्टँड आणि चांगल्या प्रतीचा एलईडी पॅनल यांची. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ सर्वांत खालचा मूळ आकडा, छिद्र एफ 8 च्या आसपास, शटर रिकाम्या कडेवरून ठरवलेलं आणि फाइल रॉ. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो ‘उडालं’ म्हणतो तेव्हाही रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. सुरुवातीला फिल्म न ठेवता नुसत्या पॅनलचा एक फोटो घ्यावा, कोपऱ्यांतला कमी उजेड नंतर त्यावरून भरून काढता येतो. उणीव दोन ठिकाणी आहे. कॅमेऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच रंग मोजला जातो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून भरले जातात, स्कॅनर मात्र प्रत्येक ठिपक्यावर तिन्ही रंग मोजतो. आणि निळ्याला वेगळा उजेड देता येत नाही, त्यासाठी पॅनलवर फिकट निळसर फिल्टर ठेवतात.

चांदीच्या निगेटिव्हला पसरट, मऊ उजेड लागतो. चांदीचे कण उजेड विखुरतात. उजेड एका दिशेने सरळ आला तर दाट भाग आहे त्याहून दाट भासतो, म्हणजे फेस आणखी अंधारात जातो आणि वरचे ओरखडेही ठळक होतात. चांगल्या दुधी पॅनलने हे बरंच कमी होतं. याच चांदीमुळे धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी डिजिटल आइससारखी सोय कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवावी. ती अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्मची रंगद्रव्यं ते किरण जाऊ देतात, त्यामुळे अडलेलं सगळं म्हणजे कचरा असं तिला समजतं. चांदी मात्र ते किरण अडवते, आणि ही सोय फेसाला कचरा समजून सारवून टाकते. रंगीत निगेटिव्हच्या रॉबरोबर हा अवरक्त थर वेगळा साठवता येतो. तो जरूर साठवावा, सफाई किती करायची ते नंतर ठरवता येतं.

स्लाइडचं गणित उलटं. तिथे पाणी पारदर्शक आणि पाणीमहालातला अंधार दाट, घनता 3 च्याही पुढे जाते. म्हणून उजेड पाण्यावरून बेतायचा आणि अंधारासाठी दुसरा, लांब एक्स्पोजर घेऊन दोन्ही जोडायचे. निगेटिव्हला अशी दोनदा घेण्याची गरज क्वचित पडते. तिथे एकाच ठिकाणी अनेकदा मोजून सरासरी काढलेली बरी, चारदा मोजलं तर गोंगाट निम्मा होतो, सोळादा मोजलं तर चौथाई.

सिनेमावाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत 1990 च्या दशकापासून निगेटिव्हची घनताच फाइलमध्ये लिहिली जाते. 10 बिट म्हणजे 1024 पायऱ्या, प्रत्येक पायरी 0.002 घनतेची, आणि रिकाम्या कडेची जागा ठरलेली, 95 वा आकडा. स्कॅनिंग म्हणजे सुंदर चित्र तयार करणं नव्हे, फिल्म मोजणं, हा विचार त्यामागे आहे, आणि घरच्या निगेटिव्हलाही मी तोच लावतो. मूळ फिल्म कायम राहील असं धरून चालता येत नाही. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट फिल्मला जानेवारी 2003 मध्ये आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली.

आपल्या भागाला याची जास्त निकड आहे असं मला वाटतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूरमधल्या आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातल्या गावांची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. पुढे अनेक गावं दुसऱ्या जागी वसली. दगड-मातीचे ते वाडे, त्या गल्ल्या, ती माणसं ज्या फोटोंत आहेत ते फोटो त्याआधीच्या फिल्मवर आहेत. कुणाचा तरी एकुलता एक चेहरा एखाद्या ग्रुप फोटोच्या कोपऱ्यात, ओसरीच्या सावलीत आहे. निगेटिव्हवर ती सावली पातळ भागात येते, आणि उजेड जास्त झाला की सर्वांत आधी तीच उडते. नळदुर्गच्या किल्ल्याचीही गेल्या दशकात डागडुजी झाली, बागा झाल्या. त्याआधी भिंतींवर कुठे झाडं उगवली होती, सांडव्याच्या कोणत्या कडा झिजल्या होत्या, हे सहलीच्या फोटोंत माणसांच्या मागे नोंदलेलं आहे. फोटो काढणाऱ्याने मामा-मावशीकडे पाहिलं होतं, आपल्याला आज मागचा दगडही वाचायचा आहे. उद्या कुणाला आणखी काही वाचायचं असेल. म्हणून काय महत्त्वाचं ते स्कॅनरला ठरवू द्यायचं नाही.

रंगीत निगेटिव्हच्या बाबतीत फार थांबू नये, तिची रंगद्रव्यं उष्ण आणि दमट हवेत हळूहळू उडतात, तीन रंग तीन वेगांनी. उडालेला रंग ओळखून भरून काढायचा तर तिन्हींचे स्वतंत्र, न छेडलेले आकडे हवेत. बुरशी आलेल्या निगेटिव्हला ओलं फडकं लावू नये, बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्याबरोबर निघून येतं. हवेच्या फुग्याने धूळ उडवावी आणि आहे तशी स्कॅन करावी.

स्वतः करणं जमत नसेल तर सोलापूर-पुण्याच्या लॅबला काम देताना एवढं लिहून द्यावं. सगळे ऑटो पर्याय बंद, रोलभर एकच एक्स्पोजर, शार्पनिंग नको, निगेटिव्ह उलटवू नये, फोटोभोवतीची थोडी रिकामी कडा चौकटीत यावी, आणि फाइल 16 बिट टिफ. कडा चौकटीत असली की पुढे कुणालाही उजेड बरोबर घेतला होता का ते तपासता येतं, आणि रंगाचा हिशोबही तिच्यापासून सुरू करता येतो. प्रत्येक फाइलच्या नावात रोल आणि फोटोचा क्रमांक असावा, वापरलेला एक्स्पोजर एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे जेपेग या फाइलींवरून हवे तितके काढावेत, हव्या त्या उजेडाचे. मूळ टिफ मात्र कधीच ‘सेव्ह’ करू नये, नेहमी ‘सेव्ह ॲज’ करावं.